पासफ्रेज आणि दोन दिवसांची हजेरी

दसऱ्यानंतरचा सहावा दिवस, बुधवार. रक्कम: महिन्याला सातशे रुपये, म्हणजे जी वाचावी म्हणून हा सगळा उद्योग मी अंगावर घेतला ती. हजर: मी, माझी बायको आणि चकल्या पाडायला करमाडहून सकाळच्या एसटीनं आलेल्या मावशी. मावशींच्या पिशवीत त्यांचा स्वतःचा पितळी सोऱ्या होता. आमच्या सोऱ्याच्या चकलीला काटे नीट येत नाहीत असं त्यांचं मत आहे आणि ते त्या दर दिवाळीला आमच्या सोऱ्यासमोरच सांगतात.

आधी सातशे रुपयांचं सांगतो. माझी बायको दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घेते. सुरुवातीला सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर चालायचं. एका वर्षी बिनलसणाचा चिवडा सांगितलेल्या घरी लसणाचा गेला आणि लसणाचा सांगितलेल्या घरी बिनलसणाचा. दोन्ही घरांनी तो खाल्ला, दोघांनीही पुढच्या वर्षी पुन्हा मागवला, म्हणजे प्रकरण तिथंच संपलं होतं. पण मी वाळूजच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात आहे आणि चुकीची नोंद बघितली की मला जेवण जात नाही. मी जाहीर केलं की या धंद्यात शिस्त नाही, वेबसाइट पाहिजे. एका वेबसाइटवाल्यानं ती करून सांभाळायचे महिन्याला सातशे सांगितले. मी बाराने गुणलं, आकडा बायकोला दाखवला आणि म्हणालो, "एवढे कशाला द्यायचे? मी शिकतो."

आणि शिकलो. रविवारी व्हिडिओ बघून शिकलो. एक छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला, म्हणजे कुठंतरी लांब असलेला एक कॉम्प्युटर, ज्यावर आपली वेबसाइट राहते. त्याचं भाडं महिन्याला साडेचारशे पडतं, हे मी त्या गुणाकारात धरलं नव्हतं. दुसऱ्या वर्षी ते बायकोनं धरलं.

वेबसाइट चालायची मात्र. लोक चकली तिखट की मध्यम, चिवडा लसणाचा की बिनलसणाचा, यावर खूण करायचे, पत्ता लिहायचे, पैसे भरायचे. मग मी नियम केला की यापुढं फोनवर ऑर्डर घ्यायची नाही.

"मामीलासुद्धा वेबसाइटवर पाठवू?" बायकोनं विचारलं.

"मामीलासुद्धा."

मामींनी तेव्हापासून आमच्याकडून काही मागवलं नव्हतं.

आता किल्लीचं. त्या लांबच्या सर्व्हरमध्ये काही दुरुस्ती करायची तर आत शिरावं लागतं. शिरायला साधा पासवर्डही चालतो, पण व्हिडिओतल्या माणसानं सांगितलं की खबरदार माणूस पासवर्ड ठेवत नाही, किल्ली ठेवतो. ही किल्ली म्हणजे आपल्या कॉम्प्युटरमधली एक फाइल. ती फाइल ज्याच्याकडे, त्यालाच सर्व्हर आत घेतो. आणि अतिखबरदार माणूस त्या किल्लीच्या फाइललाही एक लांबलचक परवलीचं वाक्य लावतो, म्हणजे उद्या कॉम्प्युटर चोरीला गेला तरी चोराला किल्ली फिरवता येत नाही. त्या वाक्याला पासफ्रेज म्हणतात. मी किल्ली केली, तिला पासफ्रेज लावला आणि पासवर्डचा रस्ता स्वतःच्या हातानं कायमचा बंद करून टाकला. त्या दिवशी मला किल्लेदार झाल्यासारखं वाटलं होतं. दौलताबादच्या किल्ल्यात शत्रूला चकवायला अंधारी वाट आहे; आपण तीत आपल्याच घरच्यांना उभं करतोय हे मला तेव्हा कळलं नाही.

किल्लीच्या दोन प्रती होत्या. एक घरच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, एक लॅपटॉपवर. दरवर्षी खंडेनवमीच्या सुमाराला मी पासफ्रेज बदलतो. खंडेनवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळी, सोऱ्या, पाना, पक्कड, बायकोचं शिलाई मशीन, माझा कॅल्क्युलेटर, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडूचं फूल. अवजारांना नवं वर्ष लागतं, तर किल्लीलाही लागावं, असा माझा विचार. आणि नवा पासफ्रेज लावला की जुना मी ठरवून विसरतो. या सवयीचा मला अभिमान होता. घरात दूध आणायचं विसरणं ही चूक असते, पण पासफ्रेज विसरणं ही शिस्त असते.

यंदा दसऱ्यानंतर दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. सोमवारी संध्याकाळी वीज दोन-तीनदा कमीजास्त झाली आणि मोठा कॉम्प्युटर फट् आवाज करून बंद पडला. मंगळवारी मी तो दुकानात टाकून आलो. आणि मंगळवारीच संध्याकाळी वेबसाइट बंद पडली. सर्व्हरवाल्यांचा मेल आला की तुमची जागा भरली आहे. ती कशानं भरली ते मला मेल वाचताक्षणी कळलं. ऑर्डरी हरवू नयेत म्हणून मी सर्व्हरला सांगून ठेवलं होतं की दर तासाला सगळ्याची एक प्रत काढून ठेव. तो वर्षभर काढत होता. वर्षाचे तास किती होतात ते वाचकांनी गुणून पाहावं. मी लावताना गुणलं नव्हतं.

"प्रती आहेत ना? मग त्यातली एक बघा आणि मला यादी द्या," बायको म्हणाली.

"प्रती सर्व्हरवरच आहेत."

"म्हणजे तिजोरीची दुसरी किल्ली तिजोरीतच ठेवलीत."

मी म्हणालो की उदाहरण तितकंसं बरोबर नाही. ते बरोबर होतं.

तर बुधवार सकाळ. बायकोची अडचण सरळ होती. दसऱ्यापासून आलेल्या सगळ्या ऑर्डरी वेबसाइटवर. कुणाला काय, किती, कुठं पाठवायचं, सगळं तिथं. जुनी वीसेक गिऱ्हाइकं तिच्या ओळखीची, बाकीची अनोळखी, त्यांचे फोन नंबरही तिथंच. पैसे मात्र त्यांनी भरलेले. कुरियरनं माल पुढच्या आठवड्यात निघायलाच हवा होता. आणि मावशी मिळणार होत्या फक्त बुधवार ते शनिवार. रविवारपासून त्यांना कापूस वेचायला जायचं होतं. मावशींना आमच्याकडे किलोवर पैसे असतात. चकली पडली तर पैसा, नाही तर नाही.

"एवढं काय घाबरायचं," मी म्हणालो. "लॅपटॉपवर किल्ली आहे. आत जातो, जुन्या प्रती पुसतो, पाच मिनिटांत यादी देतो."

लॅपटॉपच्या झाकणावर पूजेचे हळदीकुंकवाचे डाग तसेच होते. मला डाग खपत नाहीत, पण वेळ नव्हता. उघडला, आज्ञा दिली, त्यानं पासफ्रेज विचारला. मी टाइप केला. पडद्यावर काहीच उमटलं नाही. हे मला नवीन नव्हतं. पासफ्रेज लिहिताना मुद्दामच काही दिसत नाही, चांदण्यासुद्धा नाहीत. एंटर दाबलं. त्यानं पुन्हा पासफ्रेज विचारला. पुन्हा टाइप केला. तिसऱ्यांदा केला. मग इंग्रजीत उत्तर आलं की परवानगी नाकारली आहे.

मावशी स्वयंपाकघरात पाटावर बसून सोऱ्या पुसत होत्या. त्यांनी विचारलं, "काय झालं भाऊ?"

"आत घेत नाही."

"कुलूप कुणाचं?"

"माझंच."

"किल्ली?"

"तीही माझ्याकडेच आहे. पण किल्लीला एक कुलूप आहे."

"किल्लीला कुलूप?" मावशींनी सोऱ्या खाली ठेवला. "मंग त्या कुलपाची किल्ली?"

"ती डोक्यात असते, मावशी."

मावशी माझ्या डोक्याकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग सोऱ्या उचलून पुन्हा पुसायला लागल्या.

बायको म्हणाली, "अहो, तोवर मी भाजणी भाजायला घेते. मागच्या वर्षीवरून आणि यंदा चौकशीला आलेल्या फोनांवरून चाळीसेक किलो चकली असेल. चाळीस धरते."

"अंदाजानं काही करायचं नाही," मी म्हणालो. "आकडा येऊ दे. बावन्न निघाली तर? एकोणतीस निघाली तर उरलेली भाजणी कुणाच्या गळ्यात मारायची?"

पेटवलेल्या गॅसचं बटण तिनं बंद केलं. त्या बटणाचा आवाज मला नंतर दोन दिवस ऐकू येत होता.

मी ऑफिसला फोन करून अर्धा दिवस सुट्टी घेतली आणि शास्त्रशुद्ध पद्धतीनं शोध सुरू केला. आधी संशय की-बोर्डवर. एक कोरं पान उघडून पासफ्रेजचं एकेक अक्षर दाबून बघितलं. सगळी उमटली. पासफ्रेज पडद्यावर मोठ्या अक्षरांत उघडा पडल्यावर लक्षात आलं की मी हे दिवाणखान्यात, खिडकीकडे पाठ करून करतोय. घाईनं पुसलं. मग कॅप्स लॉक बघितलं. तो बंद होता, तरी एकदा चालू करून पासफ्रेज टाकला, एकदा बंद करून. भाषेचं बटण मराठीवर गेलंय का बघितलं. नव्हतं गेलं. मग एक बोट वापरून, डोळे की-बोर्डवर ठेवून, लहान मूल पहिल्यांदा नाव लिहितं तसा हळूहळू टाइप केला. परवानगी नाकारली.

पासफ्रेज मला पक्का आठवत होता, हीच पंचाईत होती. विसरलो असतो तर डोकं खाजवलं असतं. पण खंडेनवमीला सकाळी आंघोळीच्या आधी बसून मी नवा लावला होता, हे मला ढळढळीत आठवत होतं. म्हणजे माझं बरोबर होतं आणि सर्व्हर माझ्यावर रुसला होता. मला इतकी वर्षं हिशेबात एक गोष्ट माहीत आहे की ताळा जुळला नाही तर आधी स्वतःची बेरीज तपासायची. ती गोष्ट मी कंपनीतल्या पोरापोरींना दर मार्चला सांगतो.

सर्व्हरवाल्यांना फोन लावला. एक मुलगी बोलली, आवाज गोड आणि घाई नसलेला. मी म्हणालो, "तुमचा सर्व्हर माझा पासफ्रेज घेत नाहीये."

"सर, पासफ्रेज सर्व्हरचा नसतोच. तो तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइलचा असतो. आमच्यापर्यंत तो कधी येतच नाही."

"पण नाही म्हणतोय तुमचा सर्व्हर."

"कारण किल्ली उघडलीच नाही सर. किल्ली हातात नसेल तर दार उघडणार कसं?"

मी जरा कडकपणे म्हणालो की मी हे सगळं शिकलेला माणूस आहे. ती म्हणाली, हो सर. मग तिनं उपाय सांगितला. ज्यांच्या नावावर सर्व्हर आहे त्यांनी ओळखपत्र पाठवून तक्रार नोंदवायची, मग त्यांची माणसं मागच्या दारानं नवी किल्ली बसवून देतील. लागणार दोन कामाचे दिवस. फी अठराशे रुपये आणि वर कर.

"अठराशे?" मी म्हणालो. आणि ज्या माणसानं सातशे वाचवायला हे सुरू केलं होतं, त्यानं अठराशे नको म्हणून फोन ठेवला.

दुपारी मी पैठण गेटजवळच्या त्या दुकानात गेलो, जिथं मोठा कॉम्प्युटर टाकला होता. त्यातही किल्लीची प्रत होती. दुकानदारानं कॉम्प्युटरचं पोट उघडून ठेवलं होतं.

"अंकल, पावर सप्लाय जल गया तुम्हारा. नया मुंबई से आता. शनिवार कू मिलता."

"और अंदर का?"

"अंदर का सब सेफ है. कायकू टेन्शन लेरे? ये डिस्क है ना, ये निकालके मेरे दूसरे कॉम्प्युटर कू लगाता मैं. दो मिनट में देख लो जो देखना है."

"उसमें मेरी किल्ली है," मी म्हणालो.

"कौनसी किल्ली? कपाट की?"

"नाही, ती... वो दूसरी है. किसी दूसरे की मशीन पर नहीं खोल सकते."

त्यानं माझ्याकडे, मग डिस्ककडे, मग पुन्हा माझ्याकडे बघितलं. "तो फिर शनिवार कू आओ अंकल. किल्ली के साथ आराम से रहो."

पुढं जे कळलं त्यावरून आता मी सांगू शकतो की त्याचं ऐकून तिथं डिस्क लावली असती तर बुधवारी दुपारी सगळं सुटलं असतं. तो म्हणाला तसं, दोन मिनिटांत. पण मी किल्लीची अब्रू राखून घरी आलो.

घरी मावशी तांदूळ निवडत होत्या. ते तांदूळ सकाळीच निवडून झाले होते.

"झालं का भाऊ?"

"होईल."

"बसून बसून माझी कंबर अवघडली. काम करून येवढी दुखत नाय." मग बायकोला म्हणाल्या, "ताई, मी सांजच्या गाडीनं जाते. उद्या येऊ का नको, तेवढं नीट सांगा. मला बी रोज येऊन बसायचं परवडत नाय."

बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं मावशींना सांगितलं, "या. उद्या काहीतरी होईल."

त्या संध्याकाळी तिनं ओळखीच्या गिऱ्हाइकांना फोन लावले आणि काय मागवलं होतं ते पुन्हा विचारलं. मी पलीकडच्या खोलीतून ऐकत होतो. "हो हो, वेबसाइट जरा बंद आहे... नाही नाही, पैसे सुरक्षित आहेत... हो, ह्यांनीच केलीय." त्या शेवटच्या तीन शब्दांत तिनं मला जितकं सांगितलं तितकं भांडून सांगता आलं नसतं. एका बाईनं विचारलं म्हणे, की पैसे भरले आणि साइट बंद झाली, हे फसवणुकीचं तर नाही ना? बायकोचा फराळ आणि फसवणूक हे दोन शब्द एका वाक्यात आलेले मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. ते वाक्य तिथं मी आणून ठेवलं होतं.

गुरुवारी मावशी आल्या, सोऱ्या पिशवीतच राहिला. सकाळ मी लॅपटॉपसमोर घालवली. पासफ्रेजच्या शेवटी चुकून एखादी मोकळी जागा पडली होती का, म्हणून मोकळी जागा घालून बघितलं. पहिलं अक्षर मोठं घालून बघितलं. इंटरनेटवर एका परदेशी माणसानं लिहिलं होतं की असा पासफ्रेज हरवला तर किल्ली मेली समजा आणि नवी करा. त्याच्या लिहिण्यात दुःख अजिबात नव्हतं.

दुपारी बायको टेबलाजवळ आली. हातात तिचं आधार कार्ड.

"ते अठराशे भरा. सर्व्हर माझ्याच नावावर आहे ना, मी तक्रार देते."

"दोन कामाचे दिवस म्हणतात. म्हणजे शनिवारी, नाही तर सोमवारीच. मावशी तर शनिवारी—"

"मावशी गेल्या तर मी एकटी करीन. अर्धं होईल, अर्धं परत करीन. पण ह्यापुढं वाट बघायची नाही." आवाज चढलेला नव्हता. "चार वर्षांत मी कुणाचे पैसे परत केले नाहीत."

मी गुमान अर्ज उघडला. भरायला वेळ लागेल म्हणून आधी लॅपटॉप पुसून घ्यावा असं मला वाटलं. माणूस हरला की स्वच्छतेकडे वळतो. ओल्या फडक्यानं झाकण घासता घासता राग निघाला, "ह्याला कुंकू लावायची काय गरज होती? प्लास्टिकमधून निघत नाही हे. कॅल्क्युलेटरला लावलं तेवढं पुरे झालं असतं."

"ते अवजार आहे, म्हणून लावलं. आणि ते पूजेत ठेवलेलं असताना तुम्ही उचलायला आला होतात, आठवतंय का? मी हात लावू दिला नाही म्हणून फणफणत गेलात."

"मी कशाला उचलत होतो?"

"मला काय माहीत. म्हणालात दोन मिनिटांचं काम आहे, ह्याचाही बदलून घेतो. मी म्हटलं, पूजेला ठेवलेलं अवजार दुसऱ्या दिवसापर्यंत हलवायचं नसतं. उद्या करा."

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं.

दरवर्षी मी हे अष्टमीच्या संध्याकाळी करतो, दोन्ही कॉम्प्युटरांवर. यंदा अष्टमीला कंपनीत मालाची मोजणी होती, घरी यायला उशीर झाला, म्हणून नवमीच्या सकाळी बसलो. मोठा कॉम्प्युटर जागेवरच होता, त्याच्यावर बदलला. लॅपटॉपकडे गेलो तर तो पाटावर, विळी आणि सोऱ्याच्या मध्ये, झेंडूची माळ घालून बसलेला. दुसऱ्या दिवशी दसरा, आपट्याची पानं, पाहुणे, श्रीखंड. बदलायचं राहून गेलं.

पासफ्रेज फाइलचा असतो, असं ती फोनवरची मुलगी म्हणाली होती. फाइली दोन. एकीला नवा पासफ्रेज लागला, दुसरीला हळदीकुंकू. लॅपटॉपवरची किल्ली अजून मागच्या वर्षीचाच पासफ्रेज मागत होती आणि मी दोन दिवस तिच्यावर नव्याचा मारा करत होतो. सर्व्हर रुसला नव्हता, की-बोर्ड बिघडला नव्हता. माझी बेरीज चुकली होती.

"मिळालं!" मी ओरडलो. मावशी दचकून उठल्या. मी खुर्ची ओढली, बोटं की-बोर्डवर ठेवली आणि तिथंच थांबलो.

"काय झालं?" बायको म्हणाली.

"जुना लागणार."

"मग टाका जुना."

"तो मी विसरलो. दरवर्षी ठरवून विसरतो ना."

आयुष्यात फोन नंबर, वाढदिवस, साळ्याच्या मुलीची यत्ता, काहीही मला ठरवून लक्षात ठेवता आलं नाही की ठरवून विसरता आलं नाही. ही एकच गोष्ट मी यशस्वीपणे विसरलो होतो. काहीतरी वाक्य होतं, शेवटी 'नाही' होतं आणि पुढं आकडे होते, एवढं आठवत होतं. माझ्या बोलण्यातली निम्मी वाक्यं 'नाही'नंच संपतात, त्यामुळं त्याचा उपयोग नव्हता.

बायको ओट्याकडे वळली. तिनं गॅस पेटवला, कढई ठेवली आणि पाठमोरीच म्हणाली, "'ही गोष्ट बायकोला सांगायची नाही.' आणि पुढं आपल्या लग्नाचं साल."

मग मावशी हसायला लागल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलवत, हसता हसता पाटावर बसल्या.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"तुम्ही टाइप करताना बोलता."

"मी?"

"ओठ हलवत. अक्षर दिसत नाही ना, म्हणून तुम्ही स्वतःलाच ऐकवता. वर्षभर ऐकलंय मी. नवीनसुद्धा माहीत आहे."

"मग बुधवारीच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही नवीनच टाकत होता की. बरोबर टाकत होता. मला वाटलं मशीन बिघडलंय. तुम्ही चुकत असाल असं तुम्ही मला वाटू दिलंत का?"

मावशींना हसता हसता शब्द फुटला, "भाऊ, डोक्यात ठिवली किल्ली अन् तोंडानं वाटली!"

मी लग्नाचं साल मात्र बायकोला विचारून घेतलं नाही, हे माझ्या बाजूनं नोंदवतो. वाक्य टाइप केलं. या वेळी ओठ दाबून धरले होते. किल्ली उघडली, सर्व्हरनं आत घेतलं. मी त्या तासातासाच्या प्रती पुसल्या, वेबसाइट उठून बसली आणि यादी छापून बायकोच्या हातात दिली. तिनं ती ओट्यावर पसरली आणि बोट फिरवत बेरीज केली. मीही मनात करत होतो.

चकली साडेएकेचाळीस किलो निघाली.

तिनं माझ्याकडे बघितलं. 'चाळीस धरते' हे शब्द तिनं पुन्हा उच्चारले नाहीत, हा तिचा मोठेपणा. मीही 'दीड किलोचा फरक आहे' असं म्हणालो नाही, आणि तेवढं गप्प बसायला मला किती कष्ट पडले ते मलाच माहीत.

अनारशाच्या सात ऑर्डरी मात्र गेल्या. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, मग कुटून पीठ मुरवावं लागतं. ते दिवस आम्ही पासफ्रेजमध्ये भिजवले होते. सातही घरांना बायकोनं स्वतः फोन केला, वेबसाइटवरून नाही. चूक आमच्याकडून झाली, अनारशांचे पैसे परत करते, हवं तर करंज्या पाठवते, असं सांगितलं. चौघींनी करंज्या घेतल्या. तिघींना पैसे परत गेले. परत करताना ती शेजारी बसून माझ्याकडूनच ते पाठवून घेत होती.

शुक्रवार-शनिवार मावशींनी सोऱ्या खाली ठेवला नाही. त्यांच्या दंडाला आराम म्हणून मला सोऱ्या फिरवायला बसवलं. माझ्या चकल्या कुणाच्याच डब्यात गेल्या नाहीत. त्या आम्ही अजून खातोय. काम शनिवारी संपलं नाही. मावशींनी घरी निरोप धाडला आणि रविवारी दुपारपर्यंत थांबल्या. त्यांच्या वाटणीचा तेवढा कापूस बोंडांतच राहिला.

फोनवर ऑर्डर घ्यायची नाही हा नियम बायकोनं रद्द केला, मला न विचारता. पहिला फोन मामींचा आला. जुनी किल्ली मी पुसून टाकली, नवी केली, तिचा पासफ्रेज बायकोसमोर बसून ठरवला. निवडला तिनं. टाइप करताना ती माझ्या तोंडाकडे बघत होती.

रविवारी दुपारी मावशी निघाल्या. चकलीच्या किलोचे पैसे बायकोनं दिले होते. मी त्यांना जिन्याशी गाठून वेगळं पाकीट दिलं.

"हे कशाचं?"

"बुधवारचे आणि गुरुवारचे. दोन दिवसांची हजेरी."

"मी तर बसून व्हते."

"बसल्याचेच आहेत. बसवलं मी."

मावशींनी पाकीट आधी बायकोला दाखवलं. तिनं मान हलवली, तेव्हा कनवटीला लावलं. दोन पायऱ्या उतरून त्या वळल्या आणि म्हणाल्या, "पुढल्या साली बी विसरा, भाऊ. बसायचे पैसे लई बरे."

दिले: नऊशे रुपये, मावशींना, रोख, माझ्या पगारातून. पाकिटात घालण्याआधी नोटा दोनदा मोजल्या. मोजताना माझे ओठ हलत होते, असं बायको म्हणते.